घाटउतारावर इलेक्ट्रिक माउंटन सायकलचा ब्रेक वारंवार कमी पडतो: निदान, दुरुस्ती आणि बदल

खुलताबादहून म्हैसमाळला जाणारा रस्ता, दौलताबादचा घाट, बीडजवळचा मांजरसुंब्याचा उतार किंवा माहूरच्या डोंगरवाटा, अशा ठिकाणी इलेक्ट्रिक माउंटन सायकल चालवणाऱ्यांची एक तक्रार सतत ऐकू येते. गावात ब्रेक व्यवस्थित लागतो, पण लांब उतारावर अर्ध्या वाटेत लिव्हर हँडलला टेकतो, किंवा लिव्हर हाताला घट्ट लागूनही सायकल थांबत नाही. दुकानात नेली की केबल ओढून मिळते, काही दिवस बरे जातात आणि पुढच्या घाटात पुन्हा तीच गत होते. केबल ओढणे हा या तक्रारीवरचा इलाज नाही. अनेकदा त्यामुळेच ती बळावते. त्याचप्रमाणे, निदान न करता थेट महागडा चार पिस्टनचा हायड्रॉलिक (द्रवाच्या दाबाने चार दट्ट्यांनी पॅड ढकलणारा) संच बसवला तरी तक्रार जाईलच याची खात्री नसते, कारण दोष कॅलिपरमध्ये (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागात) नसून पॅडमध्ये, डिस्कच्या आकारात किंवा मोटार बंद करणाऱ्या सेन्सरमध्येही असू शकतो.

आधी ब्रेकवर किती भार येतो ते पाहू. साध्या माउंटन सायकलचे वजन साधारण १३ ते १५ किलो असते, तर बॅटरी आणि मोटार असलेली सायकल सहज २० ते २५ किलोपर्यंत जाते. चालक, सायकल आणि पाठीवरची पिशवी मिळून १०५ किलो धरले आणि घाटात २०० मीटर उंची उतरली, तर सुमारे २०६ किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. एवढ्या उष्णतेने एक लीटर पाणी ३० अंशांवरून जवळजवळ ८० अंशांपर्यंत तापते. हवेचा आणि टायरचा रोध यांतला काही भाग घेतो, पण हळू उतरणाऱ्याच्या बाबतीत बहुतेक सगळी उष्णता दीडेकशे ग्रॅमच्या दोन पोलादी डिस्कांमधून आणि त्यांना घासणाऱ्या पॅडमधून बाहेर पडावी लागते. त्यातही मे महिन्यात आपल्याकडे हवाच ४० अंशांच्या पुढे असते, त्यामुळे डिस्क निवायलाही वेळ लागतो.

वेगाचा हिशेब याहून कठोर आहे. आपल्याकडे २५० वॅटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगमर्यादेच्या ई-सायकलला मोटार वाहनाच्या व्याख्येतून सूट आहे आणि त्या वेगाला मोटार मदत थांबवते. उतार मात्र थांबत नाही. ताशी ४५ किलोमीटर वेगाने निघालेल्या सायकलची गतिज ऊर्जा ताशी २५ च्या तुलनेत सव्वातीनपट असते, आणि ब्रेकला ती तेवढीच पेलावी लागते. कारखान्यातून १६० मिलिमीटरची डिस्क आणि केबलचा एक पिस्टनी कॅलिपर लावून आलेली सायकल सपाट रस्त्यावर पुरते, घाटात पुरत नाही. कंट्रोलरची (मोटार नियंत्रित करणाऱ्या पेटीची) मर्यादा काढून वेग वाढवून देणारे पुष्कळ आहेत. मोटारीवर असा खर्च करण्याआधी तोच पैसा ब्रेकवर घालावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

लिव्हर हाताला कसा लागतो, यावरून निदान

उतार संपल्यावर लगेच, डिस्क गरम असतानाच, लिव्हर दाबून पाहावा आणि तासाभराने पूर्ण निवल्यावर पुन्हा पाहावा. गरम डिस्कला हात लावू नये. कातडी जागेवर भाजते.

लिव्हर घट्ट आहे, त्याचा प्रवासही नेहमीएवढाच आहे, पण सायकलचा वेग पडत नाही, अशी स्थिती असेल तर दोष पॅड आणि डिस्क यांच्या घर्षणात आहे. पॅड त्याच्या सहनशक्तीपलीकडे तापला आहे, त्याचा पृष्ठभाग तुळतुळीत झाला आहे किंवा त्याला तेल लागले आहे. गार झाल्यावर पकड परत आली तर कारण उष्णता. गार झाल्यावरही पकड नाही आणि वर ब्रेक किंचाळतो, तर बहुधा तेल. हायड्रॉलिक ब्रेकमध्ये लिव्हर मऊ पडून हँडलकडे येत असेल आणि गार झाल्यावर पुन्हा घट्ट होत असेल, तर कॅलिपरमधले द्रव उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले होते असे समजावे. गार असतानाही तो मऊच असेल आणि दोनचारदा दाबल्यावर घट्ट होत असेल, तर आत हवा शिरली आहे. केबलच्या ब्रेकमध्ये लिव्हर लांब येत असेल तर पॅड झिजले आहेत, बाहेरची नळी दबते आहे किंवा कॅलिपरची मांडणीच चुकली आहे.

एवढे कळल्याशिवाय पाना हातात घेऊ नये आणि सामानही मागवू नये.

केबलच्या ब्रेकची खरी दुरुस्ती

मराठवाड्यात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच ई-सायकलींवर केबलने चालणारा डिस्क ब्रेक असतो आणि त्यात एकच पॅड हलतो. बाहेरच्या बाजूचा पॅड केबलच्या भुजेने आत ढकलला जातो, तो डिस्कला किंचित वाकवतो आणि आतल्या स्थिर पॅडवर नेऊन दाबतो. दोन्ही पॅड झिजतात, परंतु आतला पॅड आपोआप पुढे येत नाही. तो पुढे आणण्यासाठी कॅलिपरच्या आतल्या बाजूला, म्हणजे चाकाच्या आऱ्यांकडे, ॲलन कीने फिरणारा स्क्रू असतो, तर काही कॅलिपरवर हाताने फिरणारी गोल गुंडी असते. मागच्या चाकाच्या मध्यात बसवलेली हब मोटार असली की तिच्या घेरामुळे या स्क्रूपर्यंत ॲलन की सरळ जात नाही, म्हणून दुकानात तो स्क्रू तसाच सोडला जातो आणि फक्त केबल ओढली जाते. केबल ओढली की भुजा विश्रांतीच्या जागेपासूनच अर्धी फिरलेली राहते. तिचा उरलेला प्रवास कमी होतो, दाब देणारा कोन बिघडतो, आणि पॅड थोडे आणखी झिजले की भुजा टोकाला जाऊन अडते. घाटात लिव्हर हँडलला टेकण्यामागे अनेकदा हेच कारण निघते.

योग्य क्रम असा आहे. प्रथम केबलचा बोल्ट सैल करून भुजा पूर्ण मागे जाऊ द्यावी आणि लिव्हरवरचा तसेच कॅलिपरवरचा समायोजक स्क्रू आत फिरवून ठेवावा. कॅलिपरचे दोन बोल्ट सैल करून त्याची जागा अशी बसवावी की स्थिर पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये एका जाड कागदाएवढीच फट राहील. व्हिजिटिंग कार्ड मध्ये धरून ही फट नेमकी साधता येते. चाक फिरवून डिस्क कुठे घासते का ते पाहावे आणि डिस्क वाकडी असेल तर ती आधी सरळ करावी, कारण वाकड्या डिस्कवर फट कधीच नीट बसत नाही. त्यानंतर बोल्ट आलटून पालटून, ६ ते ८ न्यूटन-मीटर टॉर्कने (पिळाच्या जोराने) आवळावेत. केबल जोडण्याचे काम सर्वांत शेवटी, भुजा न ओढता, फक्त तिचा ढिलेपणा निघेल इतके करावे. येथून पुढे पॅड झिजतील तसा आतला स्क्रू फिरवायचा. केबल ओढायची नाही. हब मोटारीमुळे ॲलन की जात नसेल तर आखूड टोकाची ॲलन की वापरावी किंवा चाक काढून स्क्रू फिरवावा.

केबलची बाहेरची नळी हा दुसरा दुर्लक्षित भाग आहे. मुरमाची धूळ आणि पावसाळ्यातला काळ्या मातीचा चिखल नळीच्या तोंडातून आत जातो, केबल जड होते आणि लिव्हर सोडल्यावर भुजा पूर्ण मागे येत नाही. मग पॅड डिस्कला घासत राहतो आणि उतार सुरू होण्याआधीच ब्रेक तापलेला असतो. पावसाळा संपला की केबल आणि नळी दोन्ही बदलाव्यात. नळी ब्रेकसाठीच बनवलेली असावी. गिअरची नळी ब्रेकला कधीही लावू नये, कारण जोराच्या दाबाखाली ती फाटू शकते.

तेल लागलेले पॅड

चेनवर फवाऱ्याचे तेल मारताना त्याचे बारीक तुषार मागच्या डिस्कवर बसतात आणि पॅड ते शोषून घेतात. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि स्वच्छ फडक्याने पुसता येते. पॅड मात्र आतपर्यंत तेल मुरले असेल तर वाचत नाहीत. पृष्ठभाग नुसता तुळतुळीत झाला असेल तर सपाट जागेवर सँडपेपर ठेवून तो हलकेच घासून पाहावा. तरीही आवाज आणि घसरण कायम राहिली तर पॅड बदलावेत. ते गॅसवर भाजून तेल जाळण्याची पद्धत मी सुचवणार नाही, कारण त्या उष्णतेने घर्षणाचा थर पाठीमागच्या पत्र्यापासून सुटू शकतो. चेनला तेल थेंबाथेंबाने, बाटलीच्या टोकाने द्यावे आणि जादा तेल फडक्याने टिपावे.

बदलाचा क्रम: आधी डिस्क आणि पॅड, मग कॅलिपर

मांडणी नीट असूनही उष्णतेने पकड जात असेल, तर पुढची डिस्क मोठी करणे हा सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत परिणामकारक बदल आहे. १६० ऐवजी १८० मिलिमीटरची डिस्क घेतली की त्याच हाताच्या जोराला ब्रेकचा टॉर्क सुमारे १२ टक्क्यांनी वाढतो आणि २०३ मिलिमीटरची घेतली तर सुमारे २७ टक्क्यांनी. धातू अधिक असल्याने उष्णता साठवायला आणि हवेत सोडायला जागाही अधिक मिळते. कॅलिपर तेवढाच वर उचलणारा ॲडॉप्टर सोबत लागतो. तो घेताना फोर्कवरचा (पुढचे चाक धरणाऱ्या दांड्यांवरचा) माउंट, म्हणजे कॅलिपर बसवण्याची जागा, पोस्ट प्रकारचा (बोल्ट सरळ फोर्कमध्ये जाणारा) आहे की आयएस प्रकारचा (बोल्ट आडवे जाणारा), आणि तो मूळ किती मिलिमीटरच्या डिस्कसाठी आहे, हे पाहून घ्यावे. फोर्क बनवणाऱ्याने सांगितलेली डिस्कची कमाल मर्यादा ओलांडू नये. स्वस्त फोर्क आणि ९ मिलिमीटरचा क्विक रिलीज (हाताच्या खटक्याने सुटणारा ॲक्सल) असेल तर १८० वर थांबणे शहाणपणाचे आहे, कारण पुढच्या डिस्क ब्रेकचा जोर ॲक्सलला फोर्कच्या खाचेतून बाहेर ढकलण्याच्या दिशेने काम करतो.

मागची डिस्क वाढवण्याची घाई करू नये. ब्रेक लावताना वजन पुढच्या चाकावर जाते आणि मागचे चाक तसेही लवकर घसरते. हब मोटार असेल तर आणखी एक अडचण येते. मोटारीच्या झाकणाचा घेर मोठा असल्यामुळे रुंद कॅलिपर झाकणाला घासू शकतो. अशा वेळी डिस्कच्या खाली एक-दोन मिलिमीटरचा स्पेसर टाकून डिस्क आणि कॅलिपर दोन्ही बाहेर सरकवावे लागतात आणि स्पेसरच्या जाडीइतके लांब बोल्ट वापरावे लागतात. सहा बोल्टची डिस्क बसवताना टी-२५ आकाराची टॉर्क्स की वापरून बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, साधारण ४ न्यूटन-मीटरपर्यंत आवळावेत.

पॅडचा प्रकार घाटाला जुळणारा असावा. रेझिनचे पॅड शांत असतात आणि गार असतानाही चांगले पकडतात, परंतु उष्णतेत लवकर हार मानतात. धातूमिश्रित सिंटर्ड पॅड उष्णता आणि चिखल दोन्ही अधिक सोसतात, मात्र थोडा आवाज करतात. स्वस्त डिस्कवर फक्त रेझिन पॅड वापरण्याची सूचना कोरलेली असते. तशा डिस्कवर सिंटर्ड पॅड लावले तर डिस्क झपाट्याने झिजते, त्यामुळे दोन्ही एकत्रच बदलावे लागतात. पकड बहुधा एवढ्यावरच सुधारते. जो हलका आणि अचूक लिव्हर चार पिस्टनच्या ब्रेकमध्ये मिळतो, तो मात्र त्यासाठीच पैसे मोजल्याशिवाय मिळत नाही, आणि वजनदार चालकाने किंवा रोज घाट करणाऱ्याने तो जरूर घ्यावा.

हायड्रॉलिक बसवताना

सर्वांत आधी विचार करायचा तो मोटार बंद करणाऱ्या सेन्सरचा. केवळ पॅडल फिरते आहे एवढेच ओळखणारी हब मोटार पाय थांबल्यावरही क्षणभर ढकलत राहते, आणि थ्रॉटल असेल तर अंगठा दाबलेला असेपर्यंत ढकलते. म्हणून मूळच्या लिव्हरमध्ये एक स्विच असतो, जो ब्रेकला हात लागताच कंट्रोलरला मोटार बंद करायला सांगतो. बाजारातला साधा हायड्रॉलिक संच लावला की हा स्विच निघून जातो आणि ब्रेक व मोटार एकमेकांशी झगडू लागतात. चालकाला वाटते की नवा ब्रेकही कमीच पडतो आहे. यासाठी सेन्सर असलेले हायड्रॉलिक लिव्हर घ्यावेत, किंवा लिव्हरवर चिकटवायचा चुंबक आणि सेन्सर बसवावा. कनेक्टर दोन पिनचा आहे की तीन पिनचा हे जुन्या वायरवरून तपासूनच मागणी नोंदवावी. बसवल्यावर मागचे चाक उचलून धरावे, मोटार हळू चालू करावी आणि लिव्हर जरासा ओढावा. पॅड डिस्कला टेकण्याआधी मोटार बंद पडली पाहिजे. पायाचा जोर मोजणाऱ्या टॉर्क सेन्सरच्या, थ्रॉटल नसलेल्या मिड-ड्राइव्ह (पॅडलजवळ मोटार असलेल्या) सायकलींना सहसा या स्विचची गरज पडत नाही.

मोटारच ब्रेक लावेल, या भरवशावरही राहू नये. गिअर असलेल्या हब मोटारीत आणि मिड-ड्राइव्हमध्ये एकाच दिशेने पकडणारा क्लच असल्यामुळे उतारावर ऊर्जा बॅटरीत परत जात नाही. ती सोय फक्त डायरेक्ट ड्राइव्ह (गिअर आणि क्लच नसलेल्या) हब मोटारीत, आणि तीही कंट्रोलर तसा असेल तरच, मिळते.

आपल्याकडे पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. बाहेरच्या देशांसाठी भरलेले अनेक संच पुढचा ब्रेक डाव्या हाताला धरून येतात, म्हणजे डाव्या लिव्हरला आखूड आणि उजव्याला लांब नळी जोडलेली असते. घाईत तसेच बसवले तर वर्षानुवर्षे सवयीचा झालेला हात ऐन प्रसंगी चुकीच्या चाकाचा ब्रेक दाबतो. म्हणून मागवतानाच बाजू पाहावी, अन्यथा नळ्यांची अदलाबदल करून दोन्ही ब्रेक पुन्हा ब्लीड करावे (आतली हवा काढून द्रव भरावे) लागतात आणि कापलेल्या नळीला नवी ऑलिव्ह व नवा इन्सर्ट (नळीचा जोड घट्ट बसवणारे छोटे भाग) लावावा लागतो.

द्रवाच्या बाबतीत तडजोड नाही. शिमानो, मागुरा आणि टेक्ट्रो यांचे ब्रेक मिनरल ऑइलवर चालतात. स्रॅमचे बरेचसे ब्रेक डॉट द्रवावर चालतात, तर त्यांची काही नवी मॉडेल्स मिनरल ऑइलवर आहेत. लिव्हरच्या झाकणावर किंवा पुस्तिकेत जे लिहिले असेल तेच भरावे. मोंढ्यातल्या कुठल्याही ऑटो पार्ट्सच्या दुकानात मोटारसायकलचे डॉट ४ लगेच मिळते आणि मिनरल ऑइल तालुक्याच्या गावी सहसा मिळत नाही, म्हणून जे मिळाले ते भरण्याचा मोह होतो. पण मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये डॉट गेले की आतले रबरी सील फुगतात आणि बहुतेक वेळा लिव्हर व कॅलिपर दोन्ही बदलावे लागतात. ब्रेक मागवतानाच १०० मिलिलीटरची योग्य बाटली आणि ब्लीड किट सोबत मागवावे. डॉट द्रव हवेतली ओल शोषते. डॉट ४ चा उत्कलनबिंदू ताजे असताना किमान २३०, तर ओल शोषल्यावर किमान १५५ अंश सेल्सिअस धरला जातो, म्हणून ते वर्षातून एकदा बदलणे इष्ट. मिनरल ऑइल पाणी शोषत नाही, परंतु आत शिरलेला पाण्याचा थेंब सर्वांत खाली, म्हणजे कॅलिपरमध्ये, जाऊन बसतो आणि १०० अंशांच्या आसपास उकळू लागतो. पावसाळ्यानंतर ब्लीड करायचे ते यासाठी. काम करताना बॅटरी काढून ठेवावी, चाक आणि पॅड बाजूला काढावेत, पिस्टनांच्या मधल्या जागेत ब्लीड ब्लॉक (पिस्टन बाहेर येऊ न देणारा ठोकळा) घालावा आणि नळीला खालून वर हलक्या टिचक्या माराव्यात, म्हणजे अडकलेली हवा लिव्हरकडे चढते. जीपमध्ये किंवा टेम्पोत आडवी टाकून आणलेल्या सायकलचा लिव्हर मऊ लागला तर ती काही वेळ उभी ठेवून लिव्हर वारंवार दाबून पाहावा. घट्ट झाला नाही तर ब्लीड करावे.

नवे पॅड बसवल्याबरोबर घाटात जाऊ नये. सपाट, मोकळ्या डांबरी रस्त्यावर ताशी २० किलोमीटरचा वेग घेऊन चाक न घसरू देता चालण्याच्या वेगापर्यंत ब्रेक लावावा आणि असे २० ते ३० वेळा करावे. हे दोन्ही ब्रेकसाठी वेगवेगळे करावे. पॅडचा पातळ थर डिस्कवर एकसारखा चढला की पकड वाढत जाते. हे टाळले तर नव्या ब्रेकबद्दलही किंचाळण्याची तीच तक्रार येते.

बदल करूनही तक्रार उरली तर

उतरण्याची पद्धत पाहावी. संपूर्ण घाटभर मागचा ब्रेक हलका धरून ठेवल्याने डिस्कला निवायला क्षणही मिळत नाही. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोराने लावून वेग पाडावा आणि मग लिव्हर पूर्ण सोडावा. मुरमाच्या वाटेवर टायरची पकडच कमी असते, तेव्हा टायरमध्ये रस्त्यासाठी भरलेली कडक हवा असेल तर ती टायरवर लिहिलेल्या मर्यादेत राहून कमी करावी. घसरणारे चाक कितीही चांगल्या ब्रेकने थांबत नाही.

झीज मोजण्यासाठी साधा व्हर्निअर पुरतो. शिमानोच्या पॅडचा घर्षण थर ०.५ मिलिमीटर उरला की पॅड बदलावा, आणि त्यांची १.८ मिलिमीटर जाडीची डिस्क १.५ मिलिमीटरवर आली की ती काढून टाकावी. इतर कंपन्यांची किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. नव्या पॅडसोबत झिजलेली डिस्क ठेवून काटकसर करणाऱ्यांचा ब्रेक उतारावर इतरांच्या आधी तापतो, कारण उष्णता साठवणारा धातूच कमी झालेला असतो. डिस्क निळी-जांभळी पडली असेल तर ती फार तापून गेली आहे असे समजावे, तिची जाडी आणि सरळपणा त्याच दिवशी तपासावा, आणि पॅड काढून त्यांच्या कडांना तडे गेले आहेत का, घर्षणाचा थर पत्र्यापासून सुटतो आहे का, हे उजेडात धरून पाहावे.